गुप्तहेराच्या समोरची

ऑफिसात तिला सगळे ‘समोरची’ म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथं ते सुखात होतं, कोणी त्याला त्रास देत नसे.

काम असं. सिनेमासाठी नट निवडायचा असला की तो कॅमेऱ्यापुढे उभा राहतो आणि आपली वाक्यं म्हणतो. पण समोरून कोणी बोलल्याशिवाय माणूस उत्तर तरी कशाला देणार? म्हणून कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला, एका डुगडुगत्या स्टुलावर ही बसायची आणि दुसऱ्या पात्राची वाक्यं वाचायची. एकोणीस वर्षं. ती प्रेयसी झाली होती, सासू झाली होती, बँक लुटणारा झाली होती, आणि लहान मुलांच्या एका सिनेमासाठी बोलणारं गाढवही. कॅमेरा तिच्याकडे कधी वळला नाही. गाढवाच्या वेळीसुद्धा नाही.

नियम एकच: सपाट वाचायचं. औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तसं. समोरचीनं जरा जीव ओतला की नट तिच्यावर रेलतो, आणि कास्टिंगच्या मॅडमना तो स्वतःच्या पायांवर उभा बघायचा असायचा. ‘मी तुझ्याशिवाय जगू शकत नाही’ हे वाक्य तिनं त्याच सपाट आवाजात चारेकशे पुरुषांना ऐकवलं होतं. सगळे ठणठणीत होते. तीही होती.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, खाली दुसऱ्यावर दातांचा दवाखाना. जिन्यातल्या बाकावर नट आणि दातदुखीवाले शेजारी शेजारी बसत, आणि कोण कशाला घाबरलंय हे चेहऱ्यावरून सांगता येत नसे. वर कोणी आईच्या मरणाचा प्रसंग करायला लागलं की नेमकी खालची मशीन घुर्रर्र करून सुरू व्हायची. मॅडम म्हणायच्या, “होऊ दे. खरी आई मेली तरी शेजाऱ्यांचा मिक्सर थांबत नाही.”

त्या वर्षी दिग्दर्शक आला तो गुप्तहेर शोधत. वाळका माणूस, तोंडात सदा आगकाडी, आणि बोलताना ती काडी माणसावर रोखायची सवय.

“जुन्या पद्धतीचा खासगी गुप्तहेर पाहिजे मला,” तो म्हणाला. “भाड्याची खोली, काचेच्या दारावर रंगवलेलं नाव, टेबलाच्या खणात बाटली. तीनदा मार खाल्लेला, आणि चौथ्यांदा कुठं बसणार ते ठाऊक असलेला. कोणावर विश्वास नाही, तरी आलेल्या बाईला खुर्ची देणारा.”

“वय?” मॅडमनी विचारलं.

“वय नको. थकवा पाहिजे.”

पहिल्या चार दिवसांत एकतीस नट आले आणि एकालाही थकता येईना. सगळे आठ तास झोपून आलेले. एकेकाचे दात असे की खालच्या डॉक्टरनं पाटीवर रंगवून घ्यावेत. एकजण स्वतःची हॅट घेऊन आला आणि ती कुठल्या बाजूनं तिरकी करू, असं चारदा विचारून गेला. एकानं गुप्तहेराला लहानपणी कोणतं दुःख झालं होतं याची लेखी चौकशी केली. एकानं सिगारेट अशी धरली की त्याला ताप किती आहे ते बघावंसं वाटलं. सगळ्यांचे दंड कोटाच्या बाहीत मावत नव्हते. मार खाल्लेला माणूस दाखवायचा होता आणि हे सगळे मार देऊन, आंघोळ करून आल्यासारखे दिसत होते.

“ह्यांना थकवा आला की हे तो घालवायला जातात,” दिग्दर्शक म्हणाला. “आपला माणूस तो बाळगून असतो.”

निर्मात्याला हे काव्य मान्य नव्हतं. त्याचा माणूस ठरलेला होता. सध्या ज्याचं पीळदार पोट सगळ्या भिंतींवरच्या पोस्टरांत होतं, चेहरा वर कुठंतरी होता, तो हिरो. शुक्रवारी दुपारी एक वाजता तो यायचा होता. त्याआधी दुसरा कोणी सापडला तर ठीक, नाहीतर हिरो.

ही बातमी समोरचीनं घरी सांगितली. तिथंच तिची पहिली चूक झाली.

तिचा नवराही नट होता. तीस वर्षं. सुरुवात दोघांनी एकाच हौशी मंडळात केली होती, म्हणून ती त्याला लग्नाआधीपासून अरे-तुरे करी. पुढं ती स्टुलावर बसली आणि तो जमिनीवर आडवा झाला. म्हणजे प्रेतं करायला लागला. मधूनमधून हवालदार, पार्टीतला तिसरा पाहुणा, असंही काही यायचं. पण त्याचं नाव झालं प्रेतांत. श्वास रोखण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. सेटवर त्याला ‘स्वर्गीय’ म्हणत, आणि चहा आला की हाक मारत, “स्वर्गीयांना द्या रे आधी, गार होतील.”

त्याचा चेहरा मात्र बघण्यासारखा होता. डोळ्यांखाली पिशव्या, दारावर आपटून मोडलेलं आणि जरा वाकडं बसलेलं नाक, गालावर दोन खोल रेघा. नळाचा वायसर बदलताना तो खाली बसून पाइपाकडे असा बघायचा की पाइपानं सगळं कबूल करावं. पण ‘कॅमेरा सुरू’ असं कोणी म्हटलं की त्या चेहऱ्यात काहीतरी शिरायचं. भुवया वर जात. डावी आधी, मग उजवी. आवाज पोटातून यायला लागायचा. तीस वर्षांत त्याला इतकी कमी वाक्यं मिळाली होती की मिळालेल्या प्रत्येक वाक्यात तो न मिळालेली सगळी कोंबायचा.

समोरचीला हे ठाऊक होतं. तिनं ते त्याला कधी सांगितलं नव्हतं.

“माझं नाव घाल,” तो म्हणाला. ती भांडी विसळत होती. “एकोणीस वर्षांत मी कधी म्हटलंय?”

“नातेवाइकांचं नाव घालायचं नाही, असा नियम आहे.”

“नियम मला नको सांगूस. मी अठ्ठावन्नचा झालो. आता गुडघे वाजतात. परवा मरून पडलो होतो तर उठवायला दोघं लागले. अगं, हा गुप्तहेर मी आहे. माझ्याकडे बघ.”

तिनं बघितलं. बनियन, खांद्यावर पंचा, नाक वाकडं, आणि नजरेत अशी काही भूक की तिनं परत भांड्यांकडे बघितलं.

“एवढं एकदाच,” तो म्हणाला. “नाही झालं तर मी गप्प मरेन. सराव आहे.”

मॅडमना विचारायला तिला दोन दिवस लागले. मॅडम वयानं लहान होत्या पण बोलायला खमक्या. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“येऊ द्या त्यांना गुरुवारी. पण ताई, एक सांगते. तुम्ही सपाट वाचायचं. नवरा आहे म्हणून एक सूर जरी वर गेला, तर ती टेप मी पुसून टाकेन. बाकीच्या एकतिसांवर अन्याय नको.”

“मला सांगायला लागतं का, मॅडम?”

“नाही. म्हणूनच सांगितलं.”

प्रसंग एका पानाचा होता. गुप्तहेराच्या खोलीत एक बाई येते. म्हणते, “माझा नवरा तीन दिवस घरी आलेला नाही.” तो विचारतो, “आणि तुम्हाला तो परत हवाय?” ती म्हणते, “हो.” ती खोटं बोलतेय की खरं, हे त्याला कळत नाही, पण ह्या ‘हो’नंतर तो आपल्या गळ्यात लोढणं बांधून घेणार, एवढं कळतं. तो म्हणतो, “खुर्ची घ्या.” संपलं. दिग्दर्शकाचं म्हणणं, सगळा सिनेमा त्या दोन शब्दांत आहे. एकतीस जणांनी ते दोन शब्द म्हणून झाले होते. कोणी फर्निचरवाल्यासारखे, कोणी न्यायाधीशासारखे.

गुरुवारी स्वर्गीय आला तो कुणाचा तरी लांब कोट मागून घेऊन. कोट त्याला बरोबर बसला होता. जिन्यात दोन दिवसांची दाढी घेऊन तो दातदुखीवाल्यांमध्ये बसला तेव्हा दिग्दर्शक पाणी प्यायला बाहेर आला आणि थबकला. आत येऊन मॅडमच्या कानाशी म्हणाला, “बाहेर बाकावर जो बसलाय, तो नट आहे की पेशंट?”

“नट.”

“देवा,” दिग्दर्शक म्हणाला, आणि तोंडातली काडी काढून खिशात ठेवली.

समोरचीनं हे ऐकलं. स्टूल डुगडुगलं, म्हणून तिनं पाय घट्ट रोवले.

“कॅमेरा सुरू.”

“माझा नवरा तीन दिवस घरी आलेला नाही,” ती म्हणाली. जेवणानंतर दोन गोळ्या, पाण्याबरोबर.

डावी भुवई वर गेली. मग उजवी. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं, थांबला, कॉलर वर केली आणि पोटातून विचारलं, “आणि तुम्हाला... तो... परत हवाय?”

“हो,” ती म्हणाली. बाटली वापरण्यापूर्वी हलवावी.

तो हसला. कडवट हसला, मग खिन्न हसला, खिडकीकडे गेला, तिथं खिडकी नव्हती तरी गेला, आणि तीस वर्षांचं सगळं साठवलेलं त्या दोन शब्दांत घालून म्हणाला, “खुर्ची. घ्या.”

खाली दातांची मशीन सुरू झाली. दिग्दर्शकानं खिशातली काडी काढून परत तोंडात घातली. आणखी दोनदा करून घेतलं, माणूस भला होता. ती तिन्ही वेळा सपाट वाचत राहिली. सूर एका केसानं हलला नाही. आयुष्यात इतकं चोख काम तिनं कधी केलं नव्हतं.

संध्याकाळी तो कोट न काढताच स्वयंपाकघरात बसला होता.

“कसा झालो?”

“चांगला झालास,” ती म्हणाली.

“काडीवाला काही बोलला?”

“तुला बाकावर बघून ‘देवा’ म्हणाला.” हे खरं होतं. खोट्याला असं थोडं खरं लावलं की ते टिकतं.

दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा डबा भरून तयार होता. बटाट्याची भाजी, पाव, आणि एक उकडलेलं अंडं, सोलून, मीठ-मिरी लावून कागदात गुंडाळलेलं. लग्नानंतर त्यानं तिचा डबा भरला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

“आज हिरो येणार ना?” तो म्हणाला. “बिचारा. सांभाळून घे त्याला.”

तो बिचारा एक वाजता आला. बरोबर केसवाला, पाणीवाला, आणि फोनवाली अशी तीन माणसं. बोलायला सभ्य होता. आल्या आल्या समोरचीला म्हणाला, “ताई, तुम्हीच का? तुमच्याबद्दल ऐकलंय. तुम्ही सगळ्यांना सारखंच मारता म्हणे.”

त्याचं बोलणं ठीक होतं, काम भयंकर होतं. जबडा असा आवळायचा की आत सुपारी अडकलीय. हातातली कात्रणांची रिकामी फाइल तो डंबेलसारखी उचलायचा. पहिला टेक, दुसरा, तिसरा. दिग्दर्शकानं काडी मोडली, दुसरी घेतली. पाचव्याला तो म्हणाला, “तुम्हाला कधी कुणी नको म्हटलंय का?” हिरोनं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. “अलीकडे नाही,” तो म्हणाला.

अडीच वाजले. जेवणाची वेळ टळून गेलेली. समोरचीनं डबा स्टुलाखाली ठेवला होता आणि मिरीचा वास वर यायला लागला होता. नवरा आत्ता घरी काय करत असेल ते तिला दिसत होतं. कोट हँगरला लावून त्याच्यापुढं खुर्चीवर बसला असेल. फोन जवळ घेऊन. तिनं ‘चांगला झालास’ म्हटलं होतं म्हणून.

“सहावा. कॅमेरा सुरू.”

“माझा नवरा तीन दिवस घरी आलेला नाही,” ती म्हणाली. सपाट.

“आणि तुम्हाला तो परत हवाय?” हिरोनं जबडा आवळून विचारलं.

आणि तिला उत्तर आलं नाही. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं. कागदावर एकच अक्षर होतं, ते तिला दिसतही होतं. अंड्याचा वास येत होता.

“हो,” ती म्हणाली. उशिरा, आणि आवाज मधे फाटून.

हिरो दचकला. त्यानं मान वळवून तिच्याकडे बघितलं. सहा टेकांत पहिल्यांदा त्याला दिसलं की समोर एक बाई बसलीय, पन्नाशीची, पायाशी डबा ठेवलेली, आणि तिला काहीतरी झालंय. काय झालंय ते त्याला कळेना. काही करावं तर काय, तेही कळेना. जबडा सुटला. खांदे खाली आले. कोणी रडवेलं झालं की कुठलाही माणूस जे म्हणतो ते त्याच्या तोंडून हळूच निघालं.

“खुर्ची घ्या.”

खाली मशीनसुद्धा बंद होती. मग दिग्दर्शक म्हणाला, “हेच,” आणि निर्मात्याला फोन लावायला बाहेर गेला.

मॅडम तिच्याजवळ आल्या. चष्म्यावरून बघत राहिल्या.

“टेप पुसायची का, मॅडम?” समोरचीनं विचारलं.

“तुम्ही सांगा.”

तिनं स्टुलाच्या पायाकडे बघितलं. पुसली तर हिरोचं काम जाणार होतं का? नाही. निर्माता होताच. पण ते खरं कारण नव्हतं. त्या पोरानं ते दोन शब्द बरोबर म्हटले होते, आणि बरोबर म्हटलेलं पुसायला तिचा हात धजेना.

“राहू द्या,” ती म्हणाली.

“बरं. आणि ते... पहिल्या सीनमध्ये प्रेत आहे. तुमच्या ह्यांना विचाराल?”

ती घरी पोचली तेव्हा उन्हं खिडकीतून टेबलावर आली होती. तो बसला होता. कोट हँगरला. तिनं डबा ओट्यावर ठेवला आणि पाठमोरी राहून म्हणाली, “अजून काही ठरलं नाही.”

तो उठला नाही, भुवई उचलली नाही. नुसता हात लांब करून डबा ओढला, उघडला, आणि कागदातलं अंडं बघितलं. तसंच होतं.

“तू तुझ्या काकांच्या मयताला दोन अंडी खाल्ली होतीस,” तो म्हणाला.

ती नळाखाली हात धुवायला लागली.

“हिरोला मिळालं,” तो म्हणाला.

“हो.”

“बरा केला त्यानं?”

“पाच वेळा वाईट. सहाव्यांदा बरा.”

“सहाव्यांदा काय झालं?”

हा प्रश्न त्यानं इतका हळू विचारला की तिला वळावंच लागलं. तो तिच्याकडे बघत होता. नळाच्या पाइपाकडे बघायचा तसा. घाई नव्हती, राग नव्हता. उत्तर येईपर्यंत तो इथंच बसणार होता, एवढंच.

“मी चुकले,” ती म्हणाली. “माझा ‘हो’ सपाट गेला नाही.”

त्यानं अंड्याचा कागद परत नीट गुंडाळला.

“माझ्या वेळी का नाही चुकलीस?”

“तुझ्या वेळी चुकायचं नाही म्हणून जपत होते.” मग तिनं बाकीचंही सांगून टाकलं, कारण आता मागं राहण्यासारखं काही नव्हतं. “आणि चुकले असते तरी तुझ्या भुवया थांबल्या नसत्या. काल तू वाईट झालास. फार वाईट. नसलेल्या खिडकीतून बाहेर बघितलंस. मी खोटं बोलले.”

त्याच्या डोळ्यांखालच्या पिशव्यांवर ऊन आलं होतं. तिला वाटलं, काडीवाला आत्ता इथं असता तर रडला असता.

“खुर्ची घे,” तो म्हणाला.

ती बसली.

“असं काल म्हणाला असतास तर,” ती म्हणाली.

“काल तू असं बोललीही नव्हतीस.”

दोघांनी ते अंडं अर्धं अर्धं खाल्लं. मिरी जास्त झाली होती. ती तसं म्हणाली. तोही म्हणाला, हो, हात सुटला.

“आणि प्रेताचं काय?” त्यानं मधेच विचारलं.

“कसलं प्रेत?”

“आल्यापासून तू काहीतरी गिळून बसलीयस, आणि ते अंडं नव्हतं. गुप्तहेराचा सिनेमा म्हटला की एक प्रेत असतंच.”

“पहिल्याच सीनमध्ये,” ती म्हणाली. “तुला विचारायला सांगितलंय. मला धीर होईना.”

“किती वेळ?”

“एक मिनिट. हिरो वाकून तोंडाकडे बघतो. नुसता बघतो.”

“एक मिनिट मोठं असतं,” तो म्हणाला. “म्हणजे कॅमेरा माझ्यावर.”

“अर्धा.”

“अर्धा तर अर्धा.” तो उठला, टेबल सरकवलं, आणि गुडघे वाजवत स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवा झाला. कोट ओढून अंगावर घेतला. “चल. हिरो हो.”

“अरे, प्रेताला समोरची कशाला?”

“तीस वर्षं नव्हती, म्हणून तर ही गत. वाक.”

ती वाकली. ओट्याला एका हातानं धरून, कारण गुडघे तिचेही वाजत होते. इतक्या जवळून, इतका वेळ तिनं त्याच्याकडे कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. नाक वाकडं. गालावर दोन रेघा. ओठाच्या कोपऱ्यात मिरीचा कण. तो श्वास घेत नव्हता. तिनं त्याच्या नाकाशी बोट धरलं.

“पापणी हलली,” ती म्हणाली.

त्यानं एक डोळा उघडला. “खरं सांगतेयस?”

“हो.”

“मग पुन्हा,” तो म्हणाला, आणि मेला.